पुलाखाली एक, पुलावर एक

गावात त्याला सगळे बत्तीस म्हणत. खरं नाव वीजबिलावर होतं, पण दुसऱ्याचं वीजबिल कोण वाचतं?

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागं एक लांबट खोली होती. एक खिडकी, एक शेगडी, प्लास्टरची पोती, मेणाच्या वड्या आणि भिंतभर फळ्या. त्या खोलीत बसून बत्तीस तीस वर्षं लोकांचे दात करत होता. गावातला निम्मा रुबाब त्याच्या हातचा होता म्हणा ना! हेडमास्तरांचा दरारा, बँकेच्या मॅनेजरचं मधाळ हसू, आणि नाटकात अजूनही नायिका होणाऱ्या बाईंची ती जगप्रसिद्ध मुद्रा, सगळं या खोलीत मेणात घडून बाहेर पडलं होतं. रात्री कोणाचे दात तोंडात असतात आणि कोणाचे पेल्यात, हे त्याला पाठ होतं. त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं तर गावात निदान चार संसार हलले असते. पण उभ्या गावाची तोंडं पाहिलेल्या या माणसानं स्वतःचं तोंड कधी उघडलं नाही.

या धंद्याची एक रीत आहे. पेशंट भेटतो तो डॉक्टरांना. डॉक्टर माप घेतात, मागच्या खोलीत पाठवतात, तिथं प्लास्टर ओतून साचा होतो आणि साच्यावर दात. कारागिराला माणूस दिसत नाही, माणसाला कारागीर दिसत नाही. दात होऊन गेले की साचा फळीवर, खाली चिठ्ठी: नाव, तारीख, काय झालं ते. बत्तीसच्या फळ्यांवर असं अख्खं गाव आ वासून बसलेलं होतं.

आईचं दुखणं बारा वर्षं चाललं, ते त्यानं एकट्यानं काढलं. आई गेली तेव्हा हा अठ्ठेचाळीसचा. मग त्याच्या थोरल्या बहिणीनं कंबर कसली. ताईनं तीन वर्षांत चौदा स्थळं आणली आणि बत्तीसनं चौदांना नकार दिला. नकार म्हणजे काय, तर मान खाली घालायची आणि प्लास्टर कालवायला घ्यायचं.

पंधरावं स्थळ सांगताना ताईलाच उत्साह उरला नव्हता.

"विधवा आहे. पूर्वी इथंच राहायची, पोस्टाच्या मागं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. आता माहेरच्या गावी चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मूलबाळ नाही. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मला घरी कुकर लावायचाय."

आणि तिनं नाव सांगितलं.

बत्तीसचा हात प्लास्टरमध्ये तसाच राहिला. "बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. भेटतो."

ताई मटकन पोत्यावर बसली. उठली तेव्हा मागून पांढरी झाली होती, आणि तशीच बाजारातून घरी गेली. हे गावानं पुढं वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं.

ताईला कारण कधीच कळलं नाही. ती गेल्यावर बत्तीस स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून दोन साचे काढून त्यानं टेबलावर ठेवले. दोन्ही त्याच बाईचे. एक अकरा वर्षांपूर्वीचा, पुढच्या दोन दातांचा; एक दहा, बाजूच्या दाढेचा. दोन्हींच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ होती: पायरीवरून पडून.

त्या पुढच्या दोन दातांवर त्यानं जीव ओतला होता. रंग तीनदा बदलला. एकाच्या कडेला मुद्दाम नखभर खाच ठेवली, कारण देवाघरचे दात इतके सरळ नसतात. बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी आरसा दिला, आणि लाकडी भिंतीपलीकडून त्याला तिचं हसू ऐकू आलं. एकदाच. त्या एका हसण्यावर माणूस अकरा वर्षं काढतो का? काढतो. लोक याहून कमी भांडवलावर काढतात.

भेटीची योजना ताईची. तेव्हा खिशातले फोन यायचे होते आणि दोघांच्या घरीही फोन नव्हता. सगळी बोलणी ताईच्या पत्रांतून. "हॉटेलात समोरासमोर बसलं की तोंडी परीक्षा दिल्यासारखं होतं," ताई म्हणाली. "मध्ये ते मोठं शहर आहे ना, तिथं शहर दाखवायची बस असते. कुठंही चढा, कुठंही उतरा, एक तिकीट दिवसभर. बोलायला सुचलं तर बोला, नाही सुचलं तर बाहेर बघा. वरती छप्पर नाही, हवा खेळती."

खुणा ठरल्या. तिच्या हातात हिरवी पिशवी, याच्या अंगात ताईनं विणलेला मरून स्वेटर. बागेच्या फाटकाशी पहिला थांबा, दहाची बस, वरचा मजला. आपला भाऊ काय करतो, हे ताईनं पत्रात "दवाखान्यात जबाबदारीचं काम" असं लिहिलं होतं. ताईच्या पत्रांत खोटं एक अक्षर नसे, फक्त खऱ्याला इस्त्री असे.

बत्तीस सव्वानऊलाच बागेशी हजर. दहा वाजले, बस लागली, हिरव्या पिशवीचा पत्ता नाही. त्यानं कंडक्टरला विचारलं.

"स्टेशनवरनं येणार असतील तर पुढच्याच थांब्यावर चढतील," कंडक्टर म्हणाला. गळ्यात माईक अडकवलेला, बोलून बोलून घसा बसलेला माणूस. "सगळे तिथंच चढतात. तुम्ही बसा वर."

बत्तीस बसला. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. स्टेशनवर ती दिसली नाही, तेव्हा गाडीला उशीर झाला असेल म्हणून तो तिथं उतरला आणि स्टेशनच्या दाराकडं तोंड करून उभा राहिला. वारा बोचरा होता म्हणून त्यानं कोट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. ताईनं चार महिने खपून विणलेली खूण कोटाच्या आत गुडूप!

तिची गाडी वेळेवर आली होती. ती ठरल्याप्रमाणे पायी बागेशी गेली, रस्ता विचारण्यात दहा मिनिटं गेली, आणि साडेदहाच्या बसमध्ये बसली. ती बस स्टेशनवर येऊन थांबली ती बत्तीसच्या पाठीमागं पाच हातांवर. वर ती मरून स्वेटर शोधत होती, खाली हा हिरवी पिशवी. बस निघून गेली.

सव्वाअकराच्या सुमाराला तो मागच्या बसमध्ये चढला तेव्हा त्याच्यापुढं ती अर्ध्या तासावर होती. चार बसगाड्या, एकच गोल रस्ता, एकाच दिशेनं, प्रत्येकीत अर्ध्या तासाचं अंतर. दिवसभर फिरा, अंतर तेवढंच.

कंडक्टर डावीकडं म्युझियम दाखवत होता, उजवीकडं कुठल्याशा सेनापतीचा घोडा. बत्तीसनं पाहिलं काहीच नाही. ऊन निघालं म्हणून त्यानं कोट काढला, एवढंच.

या रस्त्याची एक गंमत होती. बस आधी मोठ्या पुलाखालून जायची, मग जुन्या बाजारातून वळसे घेत अर्ध्या तासानं त्याच पुलावरून. बत्तीसची बस पुलाखालच्या थांब्याशी आली तेव्हा नेमकी पुढची बस वर पुलावर होती. त्यानं मान वर केली. बसच्या कठड्याशी टेकून एक बाई उभी होती आणि तिच्या हातात हिरवी पिशवी होती.

तिनंही खाली पाहिलं. मरून स्वेटर! ती हसली. एवढ्या उंचीवरचे दात दिसतात का, म्हणाल. तुम्हांआम्हांला नाही दिसणार. बत्तीसला कडेची खाचसुद्धा दिसली.

तो उठून उभा राहिला. पंजा दाखवून त्यानं खूण केली: तिथंच थांबा! तिनंही पंजा दाखवून खूण केली: तिथंच थांबा! दोघंही शब्दाची पक्की. तो पुलाखाली उतरला, ती पुलावर उतरली, आणि दोघंही थांबली.

एक बस आली. दुसरी आली. हिरवी पिशवी नाही. तासाभरानं थांब्याजवळ चित्रांची कार्डं विकणाऱ्या म्हातारीला दया आली.

"कोणाची वाट बघताय?"

"मागच्या बसनं येणारेत एक. मघाशी पुलावर होत्या."

"अहो, पुलावर होत्या म्हणजे तुमच्या पुढं गेल्या की! पुढं गेलेलं माणूस मागनं कसं येईल?" म्हातारी खुदकन हसली. हसताना तिनं कवळी जिभेनं दाबून धरली, ते बत्तीसनं अशाही वेळी टिपलं. "त्या पायऱ्या आहेत बघा. एकशे बारा. जा वर."

गुडघे धरत धरत तो एकशे बारा पायऱ्या चढला. वर एक फोटोवाला तिकाटण्यावर कॅमेरा लावून बसला होता.

"हिरवी पिशवी? आत्ता खाली गेल्या की. तासभर उभ्या होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं फोटो काढू का, तर म्हणाल्या, दोघांचा काढू, जरा थांबा."

"पण मी तर पायऱ्यांवरूनच आलो!"

"या बाजूच्या. त्या पलीकडच्या पायऱ्यांनी गेल्या."

बत्तीस पलीकडच्या पायऱ्या उतरला. निम्म्यात असताना त्याला खालची बस सुटताना दिसली. दुसरा कोणी असता तर ओरडला असता, शिट्टी मारली असती, दोन पायऱ्यांवर एक उडी घेतली असती. याचा आवाज घशातच होता. तीस वर्षं प्लास्टरशी बोललेल्या माणसाला हाक मारता येत नाही, हे त्याला त्या पायरीवर कळलं.

पुढच्या बसनं तो निघाला. पाहतो तर ती पुन्हा वर, पुलावर. या वेळी ती हसली नाही. नुसती पिशवी जराशी उचलली, आणि बस गेली.

"ती बस थांबवता येईल का हो?" त्यानं कंडक्टरला विचारलं. हा सकाळचाच घसा बसलेला; फेरी झाली की ही मंडळी गाडी बदलत.

"साहेब, ही चढा-उतरा गाडी आहे. थांबवा-बोलवा गाडी नाही."

ती उतरली असेल या आशेनं हा पुलावर उतरला, फोटोवाल्यानं मान हलवली, तरी खात्री करायला तासभर थांबला. बागेशी परत आला तेव्हा चार वाजले होते. आणि तिथं, पहिल्या थांब्याच्या बाकावर, हिरवी पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. दीड तास बसली होती. तिची गाडी चार पस्तीसची, स्टेशन दहा मिनिटांवर.

"या!" ती म्हणाली. "दिवसभर तुमच्या स्वेटरच्या मागं आहे मी."

"तुम्ही माझ्या पुढं होतात."

"गोल रस्त्यावर पुढं कोण आणि मागं कोण! बसा. खाल्लं नसेल काही."

तिनं कागद उलगडला. पाव, मध्ये उकडलेलं अंडं. तिनं निम्मं खाऊन निम्मं बरोब्बर कापून ठेवलं होतं. बत्तीसनं घास घेतला. आईनंतर त्याच्यासाठी कोणी निम्मं ठेवलं नव्हतं.

"पायऱ्या चढलात?" तिनं विचारलं.

"एकशे बारा. आणि उतरलो एकशे बारा."

"मी मोजल्या नाहीत. मला पायऱ्या आवडत नाहीत." मग एकदम हसून तोंडावर हात घेत म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईकाला डावी-उजवी मीच समजावते, आणि आज माझंच जोड्यातलं एक हरवलं! ताईंनी लिहिलंय, दवाखान्यात आहात. औषधं देता?"

"दात करतो."

"दात?"

"कवळ्या, पक्के दात. डॉक्टर बसवतात, मी करतो." त्यानं पाव खाली ठेवला. "तुमचे पुढचे दोन मी केलेत."

तिचे डोळे मोठे झाले. आणि मग ती खरोखर हसली. तोंडावर हात न धरता.

"म्हणजे ते तुम्ही! अहो, आमच्या दुकानात सगळे म्हणतात, तुमचे दात किती छान. मी सांगतच नाही कोणाला. डॉक्टर म्हणाले होते, आमचा मागचा माणूस जादूगार आहे."

आता इथं बत्तीस गप्प बसायला हवा होता. आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाला आणखी पंधरा मिनिटं गप्प बसणं काही जड नव्हतं. तिला गाडीत बसवून दिलं असतं, पुढच्या रविवारी पुन्हा भेटले असते, ताईनं गावाला चहा पाजला असता. पण माणसाला आपली सगळ्यात मोलाची चीज पहिल्याच दिवशी काढून द्यावीशी वाटते. याच्यापाशी तिच्याविषयीची एकच मोलाची चीज होती.

"आणि मी कधी कोणाला बोललो नाही," तो म्हणाला. "पायऱ्यांचं."

"कसल्या पायऱ्यांचं?"

"तुम्ही पायरीवरून पडला नव्हता ना. पडून दात तसे तुटत नाहीत. मला पहिल्याच साच्यात कळलं होतं. दुसऱ्या वेळी तर..." त्यानं स्वतःच्या गालाशी मूठ नेली, आणि मग ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

ती त्याच्याकडं बघत राहिली. ओठ मिटले होते. बागेतला माळी पाइप ओढत गेला.

"कळलं होतं," ती म्हणाली. "मग काय केलंत?"

"दात केले."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"कोणाला?"

"माझं काम साच्यापुरतं असतं." हे वाक्य त्याला कानाला कसंसंच लागलं म्हणून त्यानं घाईघाईनं पुढं जोडलं, "पण दात अगदी जिवापाड केले. रंग तीनदा बदलला."

"त्यानंतर आठ वर्षं मी त्या घरात काढली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दुकानात नंबर सांगावा तसा होता. "त्याच दातांनी. मला वाटायचं, कोणाला कळतच नाही म्हणून कोणी विचारत नाही. त्याच एका समजुतीवर दिवस काढले मी."

बत्तीसला खूप काही म्हणायचं होतं. त्यातलं काहीच मेणात घडवून देता येण्यासारखं नव्हतं.

तिनं कागदाची घडी केली, अगदी लहान, आणि पिशवीत टाकली. "तुम्ही वाईट नाही, ते दिसतंय. पण मला तुमच्यासमोर रोज हसावं लागेल. आणि दर वेळी वाटेल, यांना ठाऊक होतं."

"मी पोचवायला..."

"नको. तुमचं तिकीट सहापर्यंत चालतं. बसा, शहर बघा. दिवसभर माझ्यापायी तुमचं काही बघून झालं नाही."

ती गेली. साडेचारची बस लागली आणि बत्तीस वर जाऊन बसला, कारण तिनं बसा म्हटलं होतं. कंडक्टर पुन्हा तोच. "काय साहेब, भेटल्या का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माईकवर सेनापतीचा घोडा सुरू केला. बस पुलाखाली आली तेव्हा बत्तीसनं मान वर केली. पुलावरच्या बसच्या कठड्याशी कोणी नव्हतं.

ताई दारात उभीच होती. "काय रे? कशी आहे?"

"चुकामूक झाली."

"म्हणजे? भेटलीच नाही?"

"ती पुलावर, मी पुलाखाली," बत्तीस म्हणाला. ते खोटं नव्हतं.

ताईनं कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर पोचती केली. गावाला काय, आयतंच फावलं. "काय बत्तीस, पूल अजून तिथंच आहे का?" हेडमास्तर विचारत, आणि बत्तीसनंच केलेल्या दातांनी खो खो हसत. ताईनं तिकडं दोन पत्रं टाकली, पुन्हा एक रविवार ठरवू म्हणून. उत्तर आलं नाही. तशी तिनं पिशवीवाल्या बाईला शिष्ट ठरवून टाकलं, आणि बत्तीसनं तेही ठरवू दिलं.

ते दोन साचे त्यानं कागदात गुंडाळले. फेकायला म्हणून दारापर्यंत नेले, मग फळीखालच्या खणात ठेवले. स्टुलावर चढून वर ठेवायला गुडघे साथ देत नाहीत, असं त्यानं झाडूवालीला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

दीडेक वर्षानं, एका सोमवारी, डॉक्टरांनी मागं माप पाठवलं. बत्तीसनं प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, सोडवलं. समोरचे दोन, शिवाय बाजूचा एक. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पायरीवरून पडून. वय चोवीस.

त्यानं साचा हातात घेतला. आणि तीस-बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो मधलं लाकडी दार ढकलून पुढच्या खोलीत गेला. खुर्ची रिकामी होती. डॉक्टर हात धूत होते.

"डॉक्टर, ही मुलगी पडलेली नाही."

डॉक्टरांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "कशावरून?"

"पडून असे तुटत नाहीत. बघा ना."

डॉक्टरांनी टॉवेलनं एकेक बोट पुसलं. साच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "अरे बाबा, मला काय ते कळत नाही?" ते म्हणाले. "अशा दहा येऊन गेल्या असतील आपल्याकडं. आपण घरात शिरायचं का कोणाच्या? गुरुवारी येणार आहे ती. होतील ना तोवर?"

बत्तीस साचा धरून उभा होता. ती मुलगी कुठल्या गल्लीत राहते ते चिठ्ठीवर नव्हतं. विचारायचं कोणाला, ते त्याला सुचलं नाही.

"होतील," तो म्हणाला.

आणि झालेही. या खेपेला रंग पहिल्याच वेळी जुळला.